बोथट तलवारींचा नाद

माझ्याकडे जुन्या तलवारी आहेत म्हटलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ह्याने कोणाला मारलंय का?" आणि मग मी सांगतो की नाही, ह्यातल्या एकीनेही कोणाला मारलेलं नाही कारण ह्यांना धारच नाही, आणि ती मुद्दामच ठेवलेली नाही. मी ब्रिटिश सैन्याच्या सरावाच्या तलवारी जमवतो, म्हणजे जिम्नॅशियममध्ये शिकताना एकमेकांवर वार करायला वापरायच्या त्या, इथे इंग्लंडात जुन्या वस्तू जमवणारे कलेक्टर लोक त्यांना प्रॅक्टिस सोर्ड म्हणतात नाहीतर सरळ जिम सेबर, सेबर म्हणजे एका हाताने चालवायची, बहुधा किंचित वक्र तलवार. हे ऐकलं की बहुतेकांचा उत्साह मावळतो. मला मात्र ह्या तलवारींइतकं दुसरं काहीच आवडत नाही आणि ते का हे एकदा नीट लिहून काढायचं कधीपासून मनात होतं.

आता असं बघा, एकोणिसाव्या शतकातला इंग्लिश ऑफिसर स्वतःची तलवार स्वतःच्या पैशाने विकत घ्यायचा, तिच्यावर राणीचं नाव असलेलं सुंदर नक्षीकाम असायचं, काहीजण स्वतःची आद्याक्षरंही कोरून घ्यायचे, आणि मग ती तलवार परेडला, मेजवानीला, लग्नाला कमरेला लटकायची. लढाईला गेली तरी नंतर नंतर कितीतरी वेळा हातात रिव्हॉल्व्हर असायचं. म्हणून आज लिलावात येणाऱ्या कितीतरी ऑफिसर तलवारींचं पातं कसं कोरं करकरीत असतं, नक्षी अजून चमकते. छानच दिसतात त्या, माझं काही म्हणणं नाही. पण तलवार चालवायची कशी, हात कुठे थकायचा, वार कुठे अडवायचा, हे सगळं ज्या लोखंडावर उमटलंय ते लोखंड सरावाच्या तलवारीचं. ती रोज सकाळी रॅकवरून निघायची, घामेजलेल्या हातात जायची, शेकडो टोले खायची आणि परत रॅकवर. मोडली की भंगारात. कोणी आठवण म्हणून घरी नेली नाही, कोणी नातवासाठी पेटीत ठेवली नाही. त्यामुळे तेव्हा बरॅकीबरॅकीत असलेली ही वस्तू आज शोधायला गेलं की सहज मिळत नाही.

माझ्या आवडत्या सेबरचं जरा जवळून सांगतो म्हणजे कळेल. पातं साधारण चौतीस इंच, अगदी किंचित वक्र, गार्डपाशी जेमतेम अर्धा इंच रुंद आणि जाड, मग पुढे पुढे पातळ होत जातं. कडा चौकोनी, म्हणजे जिथे धार असायला हवी तिथे सपाट पट्टी. टोक गोल करून टाकलंय. मुठीवरचं गार्ड म्हणजे पोलादी पत्र्याची एक वाटी, तिची कड बाहेरच्या बाजूला वळवलेली, म्हणजे पत्र्याला ताकदही येते आणि हाताला लागतही नाही. आतल्या बाजूला काळा रंग थोडा शिल्लक आहे. मूठ लाकडी, तिच्यावर चौकटीचौकटीचं खोदकाम, घामाने हात घसरू नये म्हणून. आणि आता मजा बघा, हे खोदकाम सगळीकडे शाबूत आहे फक्त मुठीच्या पाठीवर एका ठिकाणी, जिथे अंगठा टेकतो तिथे, ते पूर्ण गुळगुळीत झालंय. कोणाच्या तरी अंगठ्याने, किंवा अनेकांच्या अंगठ्यांनी, वर्षानुवर्षं.

पात्यावर टवके आहेत. गार्डपासूनच्या पहिल्या सात-आठ इंचात त्यांची दाटी, एकमेकांना चिकटून, काही खोल, काही नुसते ओरखड्यासारखे. मग मधला भाग जवळजवळ साफ. आणि मग पुन्हा टोकाकडच्या तिसऱ्या हिश्श्यात विरळ टवके. हे उगाच नाहीये. वार अडवायचा तो पात्याच्या मुठीजवळच्या मजबूत भागावर, आणि वार करायचा तो पुढच्या भागाने, हे शिकवताना पहिल्या दिवशी सांगतात, आणि ह्या पात्यावर ते धडे खाचांच्या रूपात उमटलेत. गार्डच्या बाहेरच्या अंगाला बारीक पोचे आहेत, म्हणजे मनगटावर आलेले वार वाटीने झेललेत. जी तलवार खेळण्यासारखी पोरांनी झाडांवर आपटलेली असते तिचे टवके कसेही, कुठेही, बहुतेक पात्याच्या मध्यावर असतात. दोन्हीतला फरक एकदा डोळ्यात बसला की बसला.

गार्डजवळ पात्यावर एक बाण कोरलाय, तीन रेघांचा, ज्याला इथे ब्रॉड ॲरो म्हणतात, सरकारी मालमत्तेची खूण. त्याच्याखाली डब्ल्यू डी, म्हणजे वॉर डिपार्टमेंट. शिवाय मुकुट, मुकुटाखाली एक आकडा आणि एक अक्षर, ती तपासनिसाची खूण. अक्षर ई असेल तर एनफिल्डच्या सरकारी कारखान्यातली तपासणी, बी असेल तर बर्मिंगहॅम, डब्ल्यू असेल तर तलवारी बनवणारी विल्किन्सन कंपनी. एक छोटी फुली असते, ती पातं वाकवून परत सरळ होतंय का हे बघितल्याची. आणि जर दोन बाण टोकाला टोक लावून समोरासमोर कोरलेले दिसले तर समजायचं की सैन्याने ही वस्तू नोंदीतून काढून बाहेर विकलेली आहे. मी भिंग घेऊन ह्या खुणा वाचत बसतो तेव्हा घरचे म्हणतात की ह्याला आता जेवायला हाक मारून उपयोग नाही, आणि खरंच नसतो.

आता ह्या सगळ्याच्या मागची गोष्ट, कारण ती माहीत नसेल तर ही नुसती जुनी लोखंडं वाटतात. ब्रिटिश सैन्यात तलवारीच्या कवायतीला छापील शिस्त आली ती 1796 च्या सुमाराला, ल मर्शाँ नावाच्या घोडदळातल्या ऑफिसरने वार करायची पद्धत आखून दिली, सहा वार, आकड्यांनी ओळखले जाणारे. पुढे पायदळासाठी हेन्री अँजेलोची पद्धत आली, लंडनमधलं पिढ्यान्‌पिढ्या तलवारबाजी शिकवणारं घराणं ते, त्यात सात वार, आणि शिकवायला भिंतीवर एक गोल काढायचा, त्यात रेघा, रेघांना आकडे, समोर उभं राहून शिपाई आकड्याप्रमाणे हात फिरवणार. हवेत. पण हवेत हात फिरवून माणूस लढायला शिकत नाही, समोर कोणीतरी उलटा वार करणारा लागतो, आणि तिथे लागायची काठी.

ती काठी म्हणजे सिंगलस्टिक. आपल्याकडच्या फरी-गदक्यातला गदका डोळ्यासमोर आणा, फक्त डाव्या हातातली फरी काढून टाका आणि उजव्या हाताभोवती वेताची टोपली घाला, झाली सिंगलस्टिक. ॲश झाडाची लाकडी काठी, तीनेक फूट लांबीची, हातावर विणलेली टोपली, पुढे पुढे जाड कातड्याची वाटी. स्वस्त, मोडली तर दुसरी. नौदलाने ही कटलसच्या सरावासाठी फार काळ चालवली, कटलस म्हणजे खलाशांची आखूड रुंद तलवार, आणि ती तर रॉयल नेव्हीच्या शस्त्रसाठ्यात 1936 पर्यंत अधिकृतपणे होती, विश्वास बसत नाही पण खरंय. सिंगलस्टिक हा खेळ 1904 च्या सेंट लुईस ऑलिम्पिकमध्येसुद्धा खेळला गेला. पण जुन्या काठ्या टिकल्यात फार थोड्या, कारण मोडकी काठी कोण जपणार, चुलीत गेली असणार. वेताची मूळ टोपली असलेली तर मी फक्त काचेमागेच बघितलीये. माझ्याकडे एक कातडी टोपली आहे, काठीशिवाय, कातडं इतकं कडक झालंय की लाकडासारखा आवाज येतो, आत हात घातला की बोटांच्या सांध्यांच्या जागी कातडं आतून झिजलेलं लागतं.

मग 1860 साली एक मोठी गोष्ट झाली. मेजर हॅमर्सली आणि सैन्यातले बारा जण ह्यांना ऑक्सफर्डला पाठवलं गेलं, तिथे आर्चिबाल्ड मॅकलॅरन ह्यांचं जिम्नॅशियम होतं, त्यांच्याकडून शिकून यायला. ह्याच बारा जणांना पुढे कौतुकाने बारा अपॉसल, म्हणजे येशूचे बारा शिष्य, म्हणायला लागले, आणि त्यातून सैन्याला व्यायाम शिकवणारा आर्मी जिम्नॅस्टिक स्टाफ उभा राहिला, ऑल्डरशॉट ह्या छावणीच्या गावाला मुख्य ठाणं. सैन्याच्या छावण्यांमध्ये जिम्नॅशियम बांधली जायला लागली. आणि जिम्नॅशियम आलं की सामान आलं, मास्क आले, कातडी जॅकेट्स आली, हातमोजे आले, आणि पोलादी पात्याच्या सरावाच्या तलवारी ह्या जगात नीट रुळल्या. आज आपण जे जमवतो त्यातलं बरंचसं ह्या जिम्नॅशियमच्या रॅकवरून आलेलं आहे.

ह्या तलवारी बदलत का गेल्या हा प्रश्न मला सगळ्यात जास्त खेचतो, आणि त्याचं उत्तर एका जुन्या वादात आहे: तलवारीने कापायचं की भोसकायचं. एकोणिसावं शतकभर ब्रिटिश सैन्यात हा वाद चालला आणि बहुतेक सगळ्या तलवारी तडजोडीच्या निघाल्या, थोडं कापणाऱ्या, थोडं भोसकणाऱ्या, दोन्हीत अर्धवट. विल्किन्सन कंपनीचे जॉन लॅथम ह्यांनी 1862 साली लंडनच्या रॉयल युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशनमध्ये पात्याच्या आकारावर एक व्याख्यान दिलं होतं, तलवार बनवणाऱ्या माणसाने सैनिकांना समजावलेलं, आणि ते आजही ह्या छंदातले लोक वाचतात. 1885 मध्ये सुदानातल्या अबू क्लेआच्या लढाईनंतर संगिनी वाकल्या म्हणून वर्तमानपत्रांत गदारोळ झाला आणि सगळ्यांचं लक्ष पोलादाच्या तपासणीवर गेलं, त्याचा ताप तलवारींनाही झाला.

आता सरावाच्या तलवारीवर ह्याचा परिणाम कसा होतो बघा. फक्त कापायचं असेल तर काठीवर भागतं, काठीने पाठीत टोला बसला की वळ उठतो, काम झालं. पण भोसकणं शिकवायचं असेल तर काठी चालतच नाही, ताठ काठी छातीत घुसवली तर बरगडी जाईल. तिथे असं पातं लागतं जे टोक टेकल्याबरोबर कमानीसारखं वाकेल आणि लगेच सरळ होईल. म्हणजे पातं अरुंद हवं, पातळ हवं, पोलाद उत्तम हवं, टोक गोल हवं. जितकं भोसकण्याला महत्त्व, तितकी सरावाची तलवार हलकी आणि लवचिक. मी माझ्या तलवारी वयानुसार ओळीत मांडल्या की हे डोळ्याला दिसतं, एका टोकाला जड रुंद सपाट पट्टी, दुसऱ्या टोकाला जवळजवळ आजच्या फेन्सिंगच्या सेबरकडे झुकलेलं पातं. लढाईच्या तलवारींचे नियम समित्यांनी कागदावर बदलले, आणि त्या बदलाने हाताला काय करायला लावलं ते ह्या ओळीत कळतं.

1890 च्या दशकात ऑल्डरशॉटला सैन्याच्या जिम्नॅशियमांचे इन्स्पेक्टर होते कर्नल जॉर्ज माल्कम फॉक्स. त्यांना इटालियन पद्धत आवडली, फ्लॉरेन्सचे फर्डिनांडो मासिएल्लो हे तिथले नावाजलेले उस्ताद, आणि सैन्याने 1895 साली पायदळासाठी जी नवीन तलवारीची कवायत काढली ती त्यांच्या पद्धतीवर आधारलेली. ह्याच काळात इंग्लंडात कॅप्टन आल्फ्रेड हटन होते, निवृत्त घोडदळ अधिकारी, जुन्या तलवारबाजीचा अभ्यास करून ती पुन्हा लोकांसमोर आणणारा माणूस, त्यांनी आयुष्यभर सेबरवर लिहिलं, शिकवलं, 1902 मध्ये अमॅच्युअर फेन्सिंग असोसिएशन निघाली तिचे ते पहिले अध्यक्ष. घरात इतका जाणता माणूस असताना सैन्याने इटलीकडे बघितलं. मला व्यक्तिशः हटनचं म्हणणं जास्त पटतं, सैनिकाला दोन-चार पक्क्या गोष्टी शिकवा आणि त्या भरपूर घोटून घ्या ह्या अंगाने जाणारं. पण तलवारींच्या दृष्टीने बघितलं तर इटालियन वळणामुळेच 1890 नंतरच्या सरावाच्या सेबर्स इतक्या सुंदर झाल्या, मोठी वाटी, हलकं पातं, हातात घेतली की स्वतःहून पुढे झेपावते.

कलेक्टर लोकांच्या गप्पांत 1895 चं पॅटर्न आणि 1911 चं पॅटर्न, म्हणजे सरावाच्या तलवारीचे त्या त्या सालचे अधिकृत नमुने, ही नावं सारखी येतात. गंमत म्हणजे पायदळ ऑफिसरची खरी तलवारसुद्धा तेव्हाच बदलली, 1892 ला भोसकण्यासाठीचं सरळ ताठ पातं आलं, 1895 ला पोलादी गार्ड, आणि मग 1897 ला त्या गार्डची आतली कड खाली वळवली कारण तिने युनिफॉर्मचं कापड झिजत होतं. ती 1897 ची तलवार आजही ब्रिटिश पायदळ ऑफिसरची अधिकृत तलवार आहे. घोडदळाची 1908 ची तलवार तर फक्त भोसकण्यासाठीच, कापायचा विचारच सोडून दिलेला, शंभर वर्षांच्या वादाचा निकाल लागला आणि सहा वर्षांनी पहिलं महायुद्ध सुरू झालं, मशीनगन आली. जिम्नॅशियममध्ये मग संगिनीच राहिली.

संगिनीवरून आठवलं, फेन्सिंग मस्कट हा एक वेगळाच प्रकार आहे. बंदुकीसारखी दिसणारी वस्तू, पुढे नळीत स्प्रिंग, टोक टेकलं की आत दबतं. त्याने संगिनीची कुस्ती खेळायचे. रॉयल टूर्नामेंट म्हणून जो सोहळा 1880 मध्ये लंडनच्या इस्लिंग्टनमधल्या ॲग्रिकल्चरल हॉलमध्ये सुरू झाला आणि थेट 1999 पर्यंत चालला, त्यात तलवार विरुद्ध संगीन असे सामने व्हायचे, लोक तिकीट काढून बघायला यायचे. एका बाजूला सेबर, दुसऱ्या बाजूला फेन्सिंग मस्कट, अंगावर जाड कातडी जॅकेट आणि जाळीचा मास्क.

आणि लेड कटर! हा विषय निघाला की मला थांबवता येत नाही. सरावाच्या तलवारी म्हणजे सगळ्या हलक्या असं नाही, लेड कटर ही अगदी उलटी जात. भलं रुंद, जड, कोयत्याच्या अंगाने जाणारं पातं, आणि तिने शिशाची कांडी एका वारात कापायची, किंवा टांगलेला मेंढीचा सोललेला धड एका फटक्यात दोन करायचा. ताकद आणि पात्याची रेषा दोन्ही बरोबर असेल तरच कापलं जातं, जरा पातं तिरकं पडलं की शिसं नुसतं वाकतं आणि मनगटाला झिणझिण्या. विल्किन्सनच्या लेड कटर चार आकारात मिळायच्या, एक ते चार नंबर, पात्यावर नंबर असतो, माणसाने आपल्या ताकदीप्रमाणे निवडायची. एका ओळखीच्या कलेक्टरांकडे मी त्यातली मोठी हातात घेतली होती, आणि ते सत्तरीचे गृहस्थ बाजूला उभे राहून हसत होते, कारण ती हातात धरून ठेवणं वेगळं आणि तिने वार करून हात ताब्यात ठेवणं वेगळं. माझ्याकडे लेड कटर नाही. किमती परवडत नाहीत, कारण ह्यांना मात्र गिऱ्हाईक खूप आहे.

बाकी प्रॅक्टिस सोर्ड्सच्या किमती अजून बऱ्या आहेत. मी घेतलेल्या बहुतेक शंभर ते अडीचशे पौंडांच्या मधल्या आहेत, ठीकठाक अवस्थेतल्या. त्याच काळातली ऑफिसरची नक्षीवाली तलवार, तीही कोणाची होती हे कळत असेल तर, फार वर जाते. लिलावात घेताना हातोडा पडला त्या किमतीवर बायर्स प्रीमियम, म्हणजे लिलाववाल्यांचा जादा आकार, लागतो, वीस-पंचवीस टक्के किंवा जास्तही, हे धरूनच बोली थांबवायची. आर्म्स फेअरला, म्हणजे जुन्या शस्त्रांच्या बाजाराला, प्रत्यक्ष जाणं मला जास्त आवडतं, कारण हातात घेता येते. आणि फेअरमध्ये टेबलावर पुढे मांडलेल्या तलवारींकडे बघायचंच नाही, टेबलाखाली खोके असतात, कोपऱ्यात छत्र्यांच्या स्टँडमध्ये काहीतरी खोचलेलं असतं, तिथे बघायचं. चिठ्ठीवर नाटकातली तलवार, जुनं फेन्सिंगचं सामान, असं काहीतरी लिहिलेलं असतं.

पण डोळे उघडे ठेवायचे. सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो जर्मन विद्यार्थ्यांच्या श्लेगरचा, तिकडे विद्यार्थी मंडळांमध्ये द्वंद्वाची परंपरा आहे, त्या तलवारीला मोठी टोपलीसारखी मूठ आणि गोल टोक असतं, ती ब्रिटिश प्रॅक्टिस सोर्ड म्हणून सर्रास विकली जाते. मुठीला रंगीत कापड किंवा त्याचे अवशेष दिसले की सावध व्हायचं. दुसरं म्हणजे विसाव्या शतकातली खेळाची साधी सेबर, तिचं पातं 88 सेंटिमीटरपर्यंत आणि सगळी मिळून वजन 500 ग्रॅमच्या आत, हातात घेतली की काडीसारखी वाटते, सैन्याची जिम सेबर बहुतेक वेळा त्यापेक्षा जड. फ्रेंच सरावाच्या तलवारीही येतात. आणि चौथा प्रकार जास्त वाईट, खऱ्या सर्व्हिस तलवारीची, म्हणजे लढाईसाठीच्या तलवारीची, धार घासून टोक गोल करून सरावाची म्हणून खपवलेली. पण इथे थांबा, कारण जुन्या तलवारी खुद्द सैन्यानेही सरावासाठी बोथट केलेल्या असू शकतात. मग ओळखायचं कसं? घासलेल्या जागेचा रंग बाकी पात्याच्या रंगाशी जुळतो का ते बघायचं. सव्वाशे वर्षांपूर्वी घासलेलं लोखंड आज बाकीच्या लोखंडाइतकंच काळवंडलेलं असतं. चकचकीत दिसलं तर परत ठेवून द्यायची.

त्यावरून माझा सगळ्यात लाडका राग. पॉलिश करू नका हो! काही विक्रेते बफिंग मशीनवर तलवार धरतात आणि आरशासारखी करून आणतात, खुणा अर्ध्या पुसल्या जातात, टवक्यांच्या कडा गोल होतात, म्हणजे ज्यासाठी ही वस्तू घ्यायची नेमकं तेच गेलं. लाल भुसभुशीत गंज असेल तर तो जिवंत आहे, लोखंड खातोय, तो काढायलाच हवा, थोडं तेल आणि अगदी बारीक स्टील वूल, हळूहळू, दिवसभर लागला तरी चालेल. पण तपकिरी-काळा जो थर असतो घट्ट बसलेला, तो राहू द्यायचा. मग वरून रेनेसाँ वॅक्सचा पातळ हात, हे मेण 1950 च्या दशकात ब्रिटिश म्युझियममध्ये तयार केलं गेलं, आजही म्युझियमवाले वापरतात, दोन बोटं मेण एका तलवारीला पुष्कळ होतं. कातड्याच्या म्यानात जुनं पातं ठेवू नये, कातडं कमावताना वापरलेल्या रसायनांनी गंज चढतो. सरावाच्या तलवारींच्या बाबतीत हा प्रश्न तसाही येत नाही कारण जिम सेबर्सना बहुधा म्यान नसायचंच, रॅकवर राहायच्या.

आणखी एक. आजकाल ऐतिहासिक तलवारबाजी शिकणारे तरुण खूप झालेत, फार चांगली गोष्ट आहे, हटन बघायला असते तर खूश झाले असते. पण त्यातले काही जण खरी जुनी सेबर घेऊन सराव करतात, ते मला अजिबात पटत नाही. सव्वाशे वर्षं वाकून सरळ झालेलं पोलाद आतून कुठे तडकलंय हे डोळ्याला दिसत नाही, ते मोडलं की मोडतं तेव्हा टोकदार मोडतं, आणि समोर माणूस असतो. वस्तूही गेली आणि माणसालाही धोका. ह्याच जुन्या सेबर्सच्या नमुन्यावर नवीन बनवलेल्या मिळतात, त्या वापरा, आपटा, मोडा.

कायद्याचं पण सांगतो कारण नवीन लोक नेहमी विचारतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2008 पासून पन्नास सेंटिमीटर किंवा जास्त लांबीच्या वक्र तलवारी विकण्यावर, आयात करण्यावर बंदी आहे, पण शंभर वर्षांपेक्षा जुन्या अँटिक तलवारींना सूट आहे, आणि 1954 पूर्वी बनलेल्या किंवा पारंपरिक हाताच्या पद्धतीने बनवलेल्यांनाही. आपला बहुतेक माल त्या सुटीत बसतो. सार्वजनिक जागी सबळ कारणाशिवाय पातं बाळगणं हा वेगळा गुन्हा आहे, आणि बोथट आहे म्हणून वाद घालत बसण्यात अर्थ नाही, फेअरवरून आणताना मी नीट गुंडाळून गाडीच्या डिकीत ठेवतो, पावती सोबत, आणि सरळ घरी, मधे कुठे चहाला थांबत नाही.

बघायची असतील तर लीड्सचं रॉयल आर्मरीज, प्रवेश फुकट आहे, एक दिवस पुरत नाही. ऑल्डरशॉटला फिजिकल ट्रेनिंग कोअरचं म्युझियम आहे, जिम्नॅस्टिक स्टाफची सगळी परंपरा तिथे. आणि हटन ह्यांनी आपल्या तलवारबाजीच्या पुस्तकांचा संग्रह लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमला दिला, तोही अभ्यासकांसाठी आहे.

सध्या मी मास्कच्या शोधात आहे. तलवारी निदान लोखंडाच्या तरी आहेत, पण त्यांच्यासोबतचा जुना सैनिकी मास्क, जाड तारेच्या जाळीचा, कानांवर आणि डोक्यावर कातड्याचे पट्टे असलेला, काठीचा टोला वरून आला तर डोकं वाचावं म्हणून, तो मिळणं महाकठीण, कातडं सडतं, जाळी गंजते, लोक फेकून देतात. परवा एका लिलावाच्या यादीत फेन्सिंगच्या सामानाचा एक पेटारा दिसलाय, फोटोत वर दोन साध्या फॉइल, म्हणजे फेन्सिंगच्या हलक्या तलवारी, आहेत आणि खाली काळं काहीतरी गोलसर, जाळीसारखं. फोटो मोठा करून करून डोळे दुखले. पुढच्या आठवड्यात व्ह्यूइंग, म्हणजे लिलावाआधी वस्तू बघायची संधी, आहे, सकाळी दार उघडायच्या आधीच पोचणार आहे.